गोपनीय

बँकेच्या पाकिटावर छापलेला ‘गोपनीय’ हा शब्द मूळचा गोठ्यातला आहे. ‘गोपा’ म्हणजे गाई राखणारा. वेदकाळी गाय हेच धन होते, त्यामुळे ‘गोपायति’ या क्रियापदाचा अर्थ ‘राखतो’ असा व्यापक झाला. ‘गुप्’ हा धातू त्यातूनच मागाहून निघाला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. धातुपाठात मात्र तो ‘रक्षण’ या अर्थाने स्वतंत्रपणे येतो. ‘गुप्त’ म्हणजे आधी राखलेले, मग लपवलेले. जे राखायचे ते दाखवत फिरू नये, हे उघडच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची ती याचसाठी. मराठी ‘गुपित’ याच घराण्यातले, आणि ‘जुगुप्सा’देखील! स्वतःला दूर राखण्याची इच्छा म्हणजे किळस. पगार विचारणाऱ्या पाहुण्याविषयी वाटते ती भावना व्युत्पत्तीलाही धरून आहे. गंमत म्हणजे सगळ्यांची खाती ज्याच्यापुढे उघडी असतात, त्या हिशेबनिसाचे नाव चित्रगुप्त.

आजचा गोठा चार आकड्यांनी बंद होतो. लंडनच्या एनफिल्डमध्ये 27 जून 1967 रोजी सुरू झालेल्या बार्कलेज बँकेच्या रोकड यंत्राचे जनक जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकडी क्रमांक होता. पत्नीने चारच लक्षात राहतील असे सांगितल्यामुळे दोन आकडे गळाले, अशी आठवण ते सांगत. भारतातल्या एटीएम कार्डांचा गोपनीय क्रमांकही बहुधा चार आकडीच असतो.