शॉकअपची कुळकथा

वडिलांच्या जावा मोटरसायकलचे मागचे दोन शॉकअप घेऊन मी नवी मुंबईतल्या शिरवण्याच्या एमआयडीसीतल्या एका लेथच्या गाळ्यात गेलो. मिस्त्रींनी त्यातला एक जमिनीवर उभा धरला, अंगाचा भार टाकून दाबला आणि झटकन सोडला. तो टुणकन वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. "दादा, यात स्प्रिंग हाय, शॉकअप नाय," मिस्त्री म्हणाले.

या वस्तूच्या इंग्रजी नावातली शंभर वर्षांची चूक त्या एका वाक्यात दुरुस्त झाली. ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ म्हणजे धक्का शोषणारा. पण खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. झेललेला जोर ती जवळ ठेवत नाही, लगेच परत करते, आणि गाडी नाचत राहते. तो नाच थांबवायचं काम आतल्या तेलाचं. दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक भोकांतून वाट काढतं आणि धक्क्याचा जोर उष्णता होऊन त्यात मुरतो. सायन-पनवेल रस्त्यावर खड्डे खात आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, कोमट लागेल. आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘अवमंदन’ हा शब्द या कामाला चोख बसतो, आणि ब्रिटिश लोक ‘डॅम्पर’ म्हणतात तेही त्याच अर्थानं.

‘शॉकअप’ हा शब्द मात्र गॅरेजात घडलेला आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणायला लांब, म्हणून ‘शॉकॅब’. मग ‘पिकअप’, ‘मेकअप’ तोंडात रुळलेलेच होते, त्यांच्या वळणावर शेवट फिरला, अशी त्याची घडण मला दिसते. गॅसलाइटचं घासलेट करणाऱ्या भाषेला हे काही अवघड नव्हतं.

वस्तूचा मूळ पुरुष शोधायला फ्रान्समध्ये जावं लागतं. त्रुफो नावाच्या फ्रेंच माणसानं 1898 च्या सुमारास सायकलच्या पुढच्या फोर्कला स्प्रिंग लावली आणि तिचं उसळणं घर्षणानं आवरलं. एकमेकींवर दाबून धरलेल्या चकत्या, एवढाच तो कारभार. एडवर्ड हार्टफर्डनं ती युक्ती अमेरिकेत मोटारींवर आणली. चकत्या झिजत, पावसात भिजल्या की निसटत. उपाय तेलात होता. मॉरिस उदाय या दुसऱ्या फ्रेंच माणसानं तेलाचा, तरफेनं फिरणारा डॅम्पर केला, आणि 1928 च्या फोर्ड मॉडेल ए या मोटारीवर तो चारही चाकांना आला.

याच घराण्यातली एक शाखा थेट आपल्या दारात येते, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरी क्लॉड फॉस्टर नावाचा संगीताचा शौकीन होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर वाजणारा सुरेल हॉर्न त्यानं मोटारींसाठी केला. ख्रिस्ती परंपरेतल्या तुतारीवाल्या देवदूताचं नाव त्याला दिलं: गॅब्रिएल. पुढे त्याच कंपनीनं ‘स्नबर’ काढला. स्प्रिंग उसळी घेऊ लागली की तिला मागे ओढून धरणारा हा पट्टा. हॉर्न काळाआड गेला, नाव शॉकअपला चिकटलं. 1961 साली गॅब्रिएल इंडिया स्थापन झाली आणि तिचा पहिला कारखाना मुंबईत, मुलुंडला उभा राहिला. म्हणजे शिरवण्यासमोरच्या खाडीच्या पलीकडच्या काठाला.

मोटरसायकलीवर तेल यायला वेळ लागला. जुन्या गर्डर फोर्कला चकत्याच असत आणि रस्ता पाहून चालक हातानं गुंडी आवळत. 1935 साली बीएमडब्ल्यूनं आर12 वर तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क दिला. मागचं चाक त्यानंतरही बरीच वर्षं चौकटीला ताठ जखडलेलं राहिलं. 1946 च्या जावाला मागे उभ्या नळीतल्या स्प्रिंगा आल्या. त्या गाडीचं नाव ‘पेराक’, चेक भाषेत ‘पेरो’ म्हणजे स्प्रिंग. 1948 साली रॉयल एनफिल्डच्या नव्या बुलेटनं मागे स्विंगआर्म आणि तेलाचे शॉकअप घेऊन ट्रायल स्पर्धा गाठल्या. 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. जावा आणली ती मुंबईच्या इराणी कुटुंबानं, आणि 1961 साली म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना चालू झाला. माझ्या वडिलांची गाडी तिथली.

आता शिरवणे. भातशेती आणि मिठागरांच्या पट्ट्यातलं हे आगरी गाव. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, 1970 ला सिडको आली, 1973 ला वाशीचा खाडीपूल झाला. गावठाणाच्या पलीकडे गाळ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मोठ्या कारखान्यांची किरकोळ कामं करायला लेथ आले, ग्राइंडिंग आलं, हार्ड क्रोम चढवणारे आले. जुना शॉकअप जिवंत करायला नेमकी हीच माणसं लागतात, आणि इथे ती हाकेच्या अंतरावर आहेत.

जावाच्या शॉकअपला वर आट्यांचा नट असतो, त्यामुळे तो उघडता येतो. आमचा उघडला तेव्हा आतून काळं, करपल्या वासाचं तेल निघालं, तेही जेमतेम. ऑइल सील दगडासारखं कडक. रॉडवर गंजाचे खळगे पडलेले. असा रॉड नवं सील आठवड्याभरात कापून टाकतो, म्हणून नुसतं सील बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. रॉड घासून खळगे काढले, हार्ड क्रोम चढवला, पुन्हा ग्राइंड करून मूळ मापावर आणला. वरचा बुश गनमेटलचा नवा फिरवला. सील नायट्राइल रबरचं, आताच्या प्रतीचं घातलं. बदल करायचा तो इथेच. मूळ कारागिराच्या हाती हे रबर आणि आजचं फेस न धरणारं तेल असतं, तर त्यानंही तेच वापरलं असतं. दट्ट्या आणि झडपेची भोकं मात्र आम्ही फक्त धुतली.

तेलाबद्दल मला तळमळीनं सांगायचंय. शॉकअप मऊ झाला की त्यात इंजिनचं जाड तेल ओतायची सवय सगळीकडे आहे. पूर्वी एका गॅरेजात माझ्या गाडीलाही तेच झालं होतं. पहिल्या दिवशी गाडी भक्कम वाटली. मग खड्ड्यांची माळ लागली, आणि मागचं चाक दाबलं गेलं ते पुढच्या खड्ड्यापर्यंत परत येईचना. सीटची फळी झाली. जाड तेल भोकांतून वेळेत निघत नाही, त्याला शॉकअप तरी काय करणार! दाबताना हलका आणि परत येताना आवरता, असा कल झडपेत मुळातच दिलेला असतो, तो जाड तेल मारून टाकतं. फोर्क ऑइल घाला, पातळापासून सुरू करा, मापानं भरा. मग शॉकअप उभा धरून रॉड सावकाश वरखाली करा, हवा निघेपर्यंत. हवा राहिली तर पहिली बोटभर चाल पोकळ जाते.

मिस्त्रींनी शेवटी स्प्रिंग न चढवता दोन्ही शॉकअप शेजारी धरले, एकदम दाबले, एकदम ओढले. डावा किंचित ढिला. "जोडी जमली पायजे," म्हणत त्यांनी तो पुन्हा उघडला आणि तेल मोजलं. त्या दुसऱ्यांदा उघडण्याला मी मनापासून हात जोडतो.

नंतरच्या गाड्यांचे शॉकअप तोंड दाबून कायमचे बंद केलेले असतात. ते लेथवर कापून, नळीला आटे पाडून, झाकण बसवून दुरुस्त करणारे कारागीर आहेत. पण नायट्रोजन भरलेला गॅसचा शॉकअप असेल तर त्याला हात लावू देऊ नका. आत दाब असतो आणि तो माणूस जखमी करतो.

तुमच्या माळ्यावर बुलेटची, येझदीची, राजदूतची अशी एखादी जोडी गंजत पडली असेल, तर ती किलोच्या भावानं भंगारात घालू नका. आधी एखाद्या लेथवाल्याला दाखवा.