वर्धा जिल्ह्यातील वस्त्रपरंपरा आणि चिंधीचा इतिहास : वाकळ, चिंध्यांची सतरंजी व खादी संस्था यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : वर्धा जिल्ह्याचा वस्त्रेतिहास प्रामुख्याने कापूस, गिरणी आणि खादी या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. जुन्या कापडाचे पुढे काय होते व ते काम कोण करते, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वाकळ आणि चिंध्यांची सतरंजी यांच्या आधारे या उपेक्षित श्रमाचे ऐतिहासिक स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

बीजशब्द : वाकळ, चिंधी, खादी, ग्रामोद्योग, स्त्रीश्रम, मगन संग्रहालय.

प्रस्तावना

१९३० नंतरच्या दशकात वर्धा हे भारतातील वस्त्रविषयक चिंतनाचे एक प्रमुख केंद्र बनले. सूत किती कातले, कोणत्या नंबरचे कातले, त्याची मजुरी किती व्हावी, याचा सूक्ष्म हिशेब येथे मांडला गेला. १६० तारांची लटी आणि ६४० तारांची गुंडी ही परिमाणे शाळकरी मुलांच्याही तोंडी होती. त्याच काळात त्याच गावांतील स्त्रिया जुन्या कापडांची वाकळ शिवत होत्या. या कामासाठी कोणतेही परिमाण नव्हते आणि मजुरीही नव्हती. एकाच घरातील दोन कामांपैकी एकाची नोंद झाली व दुसऱ्याची झाली नाही. या विसंगतीचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

कापसाचा जिल्हा आणि कापडाचे बदलते रूप

वर्धा जिल्ह्याची निर्मिती १८६२ मध्ये झाली. तो अमेरिकन यादवी युद्धाचा काळ होता. अमेरिकेतील कापूस मिळेनासा झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांची नजर मध्य भारताकडे वळली होती. हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस त्यावेळी नावाजलेला होता. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. त्यामुळे कापूस मुंबईस जाणे व विलायती कापड खेड्यात येणे या दोन्ही गोष्टी सुलभ झाल्या. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. शतकाच्या अखेरीपर्यंत हिंगणघाट व पुलगाव येथेही गिरण्या उभ्या राहिल्या.

या बदलाचा फटका हातमागावर जाडेभरडे कापड विणणाऱ्या विणकरांना बसला. त्यांत कोष्टी समाजाबरोबरच महार समाजातील विणकर मोठ्या संख्येने होते. त्यांपैकी अनेकांना पुढे गिरणीच्या कामाकडे वळावे लागले. घरातील कापडाचे स्वरूपही बदलले. हातमागाच्या लुगड्या-धोतरांसोबत गिरणीचे कापड आले आणि कालांतराने त्यात कृत्रिम धाग्याच्या कापडाची भर पडली. हा सारा क्रम वाकळीच्या थरांत उतरत गेला. अनेक वर्षे वापरात असलेल्या वाकळीवर वेळोवेळी नवी पाटी चढविली जाते. तिच्या आतील कापड जुने व बाहेरील नवे असते. त्यामुळे अशी वाकळ हे कुटुंबाच्या वस्त्रोपयोगाचे एक कालानुक्रमिक साधन ठरू शकते.

वाकळ : निर्मितीची पद्धती

गोधडीला या भागात वाकळ म्हणतात. वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने ‘वाकय’ असाही उच्चार ऐकू येतो. शेतीची कामे कमी असताना, विशेषतः उन्हाळ्यात, हे काम काढले जाते. जुनी लुगडी, धोतरे, सदरे धुऊन व उसवून घेतात. ओसरीवर किंवा अंगणात एक मोठे कापड ताणून अंथरतात आणि त्यावर तुकड्यांचे थर लावतात. विरलेल्या जागी अधिक तुकडे घालून जाडी समान केली जाते. वरून नऊवारी लुगड्यासारखे मोठे कापड घालून कच्चे टाके घेतात. त्यानंतर कडेकडून आत येत चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा घातला जातो. कडेपासून सुरुवात केल्याने आतील तुकडे सरकत नाहीत.

ही रीत लिहून ठेवलेली नाही. ती आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आली. कोणते कापड आत घालावे, बाळंतिणीच्या व तान्ह्या बाळाच्या अंथरुणासाठी कोणते राखून ठेवावे, याची पारख तिच्यात अंतर्भूत आहे. अनेक धुण्यांनी मऊ झालेले सुती कापड बाळासाठी योग्य, हा निर्णय अनुभवातून आलेला आहे. तरीही वाकळीकडे केवळ दारिद्र्याचे चिन्ह म्हणूनच पाहिले गेले. अपवाद वैराग्याचा होता. ठिगळांच्या वस्त्रामुळे संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) ‘गोधडे महाराज’ म्हणून ओळखले गेले. संताच्या अंगावर चिंधी पूज्य ठरली. ती जोडणाऱ्या हातांना मात्र कारागीर म्हणून मान्यता मिळाली नाही.

चिंध्यांची सतरंजी

वाकळ शिवली जाते, तर चिंध्यांची सतरंजी विणली जाते. जुने कापड किंवा शिंप्याकडील कात्रण एक-दोन बोटे रुंदीच्या पट्ट्यांत फाडतात. पट्ट्यांची टोके एकमेकांत ओवून किंवा शिवून त्यांचे गुंडे करतात. मागावर मजबूत सुती दोऱ्याचा ताणा लावतात आणि बाण्याच्या जागी ही पट्टी घालून पंज्याने ठोकतात. ताणा नवा आणि बाणा जुना, अशी ही रचना आहे. तिची मजबुती ताण्यावर व ठोकणीवर अवलंबून असते. सुती व कृत्रिम कापड एकत्र आल्यास आकसणे व झिजणे असमान होते. म्हणून पट्ट्यांची निवड हाच या कामातील कौशल्याचा भाग होय.

बंगालची कांथा, जपानमधील बोरो व स्वीडनमधील चिंध्यांच्या सतरंज्या या त्याच कुळातील वस्तू होत. त्या आज संग्रहालयांत सन्मानाने मांडल्या जातात व वस्त्रकलावंत त्यांचा अभ्यास करतात. विदर्भातील वाकळीला असा मान अद्याप लाभलेला नाही.

वर्ध्याच्या संस्था आणि श्रमाचे मोल

जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये विनोबा वर्ध्यास आले. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे कार्य उभे केले. त्याच वर्षी ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली. १९३५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने कातणाऱ्यांना जीवनवेतन मिळावे, हे तत्त्व स्वीकारले. विनोबांनी नालवाडीत केवळ सूतकताईच्या मजुरीवर स्वतःचा निर्वाह करून पाहिला. स्त्रीच्या हातातील एका तासाच्या कामाची किंमत काय, हा प्रश्न इतक्या गांभीर्याने क्वचितच विचारला गेला असेल.

परंतु हा प्रश्न सूतकताईपुरता राहिला. त्यामागे कारण होते. रिकाम्या हातांना काम व रोख मजुरी मिळवून देणे, हा खादीचा हेतू होता. वाकळ घरच्यासाठी शिवली जाई. तिला बाजार नव्हता व म्हणून दरही नव्हता. ग्रामोद्योगात चिंधीला स्थान मिळाले, ते हातकागदाचा लगदा करण्यासाठी. कच्चा माल म्हणून चिंधी मान्य झाली; वस्त्र म्हणून तिचा विचार झाला नाही. १९५६ च्या खादी व ग्रामोद्योग आयोग अधिनियमाने हातकताईच्या सुती, रेशमी वा लोकरी धाग्यापासून हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी, अशी व्याख्या केली. गिरणीच्या जुन्या कापडाची सतरंजी हातमागावर विणली, तरी ती या व्याख्येत बसत नाही.

वास्तविक कुमारप्पांच्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या १९४५ च्या ग्रंथातील विचार वाकळीला सर्वाधिक जवळचा आहे. निसर्गाचे साठे संपविणारी व निसर्गाच्या प्रवाहाशी सुसंगत अशा दोन अर्थव्यवस्थांतील भेद त्यांनी मांडला. जुन्यातून टिकाऊ घडविणारी वाकळ दुसऱ्या प्रकाराचे घरगुती उदाहरण होय.

कार्यशाळाभेटीची परंपरा

वर्ध्यात कारागिरी पाहण्यास जाणे हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले व झाकीर हुसेन समितीने सूतकताई-विणकामाचा अभ्यासक्रम तयार केला. ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मगनलाल गांधी यांच्या नावाची ही वास्तू केवळ कुतूहलाची न राहता शिक्षणाचे साधन व्हावी, अशी त्यामागील अपेक्षा होती.

या परंपरेचे सूत्र ‘कापूस ते कापड’ असे आहे. सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, कातणे, विणणे हा क्रम अभ्यागत डोळ्यांनी पाहू शकतो. मात्र हे सूत्र नव्या कापडाच्या थानापाशी थांबते. फाटल्यानंतरच्या कापडाचे दुसरे आयुष्य त्यात येत नाही. सेवाग्राम येथे २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या ‘आनंद निकेतन’ शाळेत शेती व स्वयंपाकाबरोबर वस्त्रकलेलाही अभ्यासाचे स्थान आहे. अशा ठिकाणी ‘कापड ते वाकळ’ हा पुढील टप्पा जोडणे सहज शक्य आहे.

सद्यःस्थिती

वाकळीचा ऱ्हास ब्लँकेटमुळे झाला, हे अर्धसत्य आहे. जुने कपडे बोहारणीकडे देऊन स्टीलची भांडी घेण्याची रीत रूढ झाली आणि वाकळीचा कच्चा मालच घराबाहेर गेला. कृत्रिम धाग्याचे कापड वाढल्याने मऊ सुती चिंधी दुर्मीळ झाली. शिवणाऱ्या स्त्रिया आज वृद्ध होत आहेत. शिवाय वाकळ ही वापरून संपण्यासाठीच केलेली वस्तू आहे. तिचे जतन आपोआप होत नाही. ती झिजते, तेव्हा तिच्यातील पुरावाही नष्ट होतो.

निष्कर्ष

१) वर्धा जिल्ह्याचा वस्त्रेतिहास कापडाच्या उत्पादनापाशी थांबविणे अपुरे आहे, पुनर्वापर हा त्याचाच पुढील टप्पा होय.

२) खादी चळवळीने स्त्रीश्रमाला मोल दिले, परंतु ते मोल बाजाराशी जोडलेल्या श्रमापुरते सीमित राहिले.

३) वाकळीतील कापडाचा पोत, छाप, काठ व टाका यांची थरानुसार नोंद ही ऐतिहासिक साधनसामग्री होऊ शकते.

४) जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व गृहअर्थशास्त्र विभागांनी अशी नोंद संयुक्तपणे हाती घ्यावी. तीत वस्तूबरोबर ती शिवणाऱ्या स्त्रीची मुलाखत, तिच्या संमतीने तिचे नाव आणि कामास लागलेला वेळ यांचा समावेश असावा.

ज्या जिल्ह्याने सुताच्या प्रत्येक तारेचा हिशेब ठेवला, त्याने टाक्याचा हिशेबही ठेवणे हे त्याच परंपरेस धरून होईल.