हेडमधली पोकळी

हेडचं फेसिंग केलं, व्हॉल्व्हच्या सीट नव्याने कापल्या, की कंपनीने दिलेला कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा भागिले तो वर असतानाची जागा, त्या इंजिनाला लागू राहत नाही. तो पुन्हा काढावा लागतो. हेड उलटं ठेवायचं, प्लग घट्ट बसवायचा, व्हॉल्व्ह ग्रीसचा हात देऊन बंद करायचे, पोकळीच्या तोंडावर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवायची आणि ब्युरेटमधून पातळ रंगीत तेल सोडायचं. शेवटचा बुडबुडा भोकातून निघून गेला, की किती सीसी तेल मावलं ते वाचायचं.

हे मोजमाप ज्या रेशोसाठी करायचं, त्याचं कूळ फ्रान्समध्ये सापडतं. लन्वार यांचं १८६० चं गॅस इंजिन मिश्रण न दाबताच पेटवायचं. पेटवण्याआधी दाब होईल तेवढा वाढवावा, हे बो द रोशा यांनी १८६२ मध्ये पेटंटात मांडलं. १८७६ मध्ये निकोलाउस ऑटो यांनी कोलोनजवळच्या डॉइट्झमध्ये चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं. त्याचा रेशो जेमतेम अडीच होता. आदर्श चक्राच्या गणितात अडीचला सुमारे ३१ टक्के कार्यक्षमता मिळते, तर आठला ५६. तरीही कित्येक वर्षं रेशो चार-पाचाच्या आसपासच घुटमळला, कारण मिश्रण जास्त दाबलं की पेट्रोल नॉकिंग करायचं, म्हणजे ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकायचं.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर चालू असतानाच रेशो बदलता येणारं इंजिन बांधलं आणि कोणतं इंधन किती दाब सोसतं ते मोजलं. अमेरिकेत थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडने नॉकिंग थांबवलं. १९२३ पासून ते पेट्रोल विकलं जाऊ लागलं आणि रेशो चढू लागला. शिशाच्या विषाची किंमत मात्र जगाने पुढे अनेक दशकं मोजली.

१९३२ मध्ये फोर्डची स्वस्त व्ही-८ आली आणि हेड घासणं कॅलिफोर्नियातल्या हौशी पोरांच्या आवाक्यात आलं. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्यामुळे तिचं हेड म्हणजे पोकळी असलेलं झाकण होतं; ते काढून घासून आणणं सोपं. कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात ही पोरं गाड्या पळवायची.

त्याच इंजिनाचा हिशोब करू. बोअर ७७.८ मिमी, स्ट्रोक ९५.२५ मिमी, म्हणजे एका सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे ४५३ सीसी जागा झाडतो. मूळ रेशो ५.५. त्यावरून पिस्टन वर असताना उरणारी पोकळी ४५३ भागिले ४.५, म्हणजे १००.७ सीसी. घासून त्यातले १५ सीसी गेले, तर ४५३ भागिले ८५.७ अधिक एक: रेशो ६.३.

आता तेवढाच सिलिंडर, पण मूळ रेशो १०. पोकळी फक्त ५०.३ सीसी. तिच्यातूनही १५ सीसी काढले, तर रेशो थेट १३.८ वर जातो आणि साध्या पेट्रोलवर इंजिन धोक्यात येतं. पोकळी जितकी लहान, तितका एकेक सीसी महाग.

म्हणून नुसतं हेड मोजून भागत नाही. गॅस्केटच्या जाडीतली जागा आणि वर आलेल्या पिस्टनच्या माथ्यावर ब्लॉकच्या कडेपर्यंत उरणारी जागा मिळवावी लागते; पिस्टनला खळगा असेल तर तोही, उंचवटा असेल तर तो वजा. आणि हेडमधल्या सगळ्या पोकळ्या, म्हणजे चेंबर्स, वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. बाकी सगळं सारखं असताना सर्वांत लहान चेंबरचा सिलिंडर आधी नॉक करतो, म्हणून इंजिनाची मर्यादा सरासरीवरून नव्हे, त्या एका चेंबरवरून धरावी.