गाडीतली न दिसणारी तार

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे घेत सुमारे ५० किलोमीटर जातो. गळीत हंगामात संध्याकाळनंतर या रस्त्याने गाडी चालवणे जिकिरीचे असते. उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर समोर असतात, आणि त्यांतील कित्येकांना मागे दिवा नसतो. आपल्या गाडीच्या दिव्यांवरच सारी भिस्त.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी आम्ही एका मित्राच्या जुन्या पद्मिनीतून इंदापूरहून परतत होतो. वाटेत चहाला थांबलो आणि निघताना सेल्फ मारला, तर नुसते ‘टक्’ झाले. धक्का मारून गाडी सुरू केली खरी, पण दिवे मंद होते आणि साइड दाखवली की तेही लुकलुकत. चार महिन्यांत या गाडीला दोन नव्या बॅटऱ्या बसल्या होत्या आणि एकदा सेल्फही भरून आणला होता. दुसऱ्या दिवशी बारामतीतल्या एका वयस्क वायरमनने बॅटरीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने चोकच्या केबलला हात लावला, सेल्फ मारायला सांगितला आणि हात चटकन मागे घेतला. केबल तापली होती. “सर, बॅटरी चांगली आहे. इंजिनाची अर्थ गेलीय,” तो म्हणाला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी त्याने काढली, दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासली आणि पुन्हा आवळली. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मग त्याने पुढच्या दिव्यांच्या अर्थचे गंजलेले स्क्रूही तसेच साफ केले आणि दिवे उजळले.

चोकची केबल का तापली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना गाडीतल्या विजेचा जवळजवळ सारा इतिहास आपल्या हाती लागतो.

एकाच तारेचे मंडल

शाळेत आपण शिकवतो की, विद्युतमंडल पूर्ण व्हायला जाण्याची आणि परतीची अशा दोन वाटा लागतात. गाडीत मात्र दिव्याकडे एकच तार गेलेली दिसते. या प्रथेचे मूळ तारयंत्रात आहे. १८३८ मध्ये म्यूनिखच्या श्टाइनहाइल यांना आढळले की, तारयंत्राची परतीची तार गाळून जमिनीतूनच प्रवाह परत आणता येतो. मैलोगणती तार वाचली. मोटारगाडी रबरी टायरांवर उभी असते, तिचा जमिनीशी विद्युतसंबंध नसतो. पण तिचा लोखंडी सांगाडा परतीच्या तारेचे काम करू शकतो. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडले की झाले. या सांगाड्यालाच ‘अर्थ’ म्हणतात. नाव तारयंत्रासारखे असले, तरी खऱ्या जमिनीशी त्याचा संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे.

ही काटकसर तांबे वाचवते, पण तिची एक किंमत आहे. परतीची तार आता अनेक तुकड्यांची झाली. बॉडी, स्क्रू, नट, पट्टी, इंजिन असे तिचे सांधे पसरले. शिवाय कंप बॉडीपर्यंत पोचू नये म्हणून इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवतात, आणि रबर हे विद्युतरोधक आहे. म्हणून इंजिन ते बॉडी अशी वेगळी पट्टी द्यावी लागते. ती खराब झाली की सेल्फचा प्रवाह मिळेल त्या धातूमधून वाट काढतो. आमच्या बाबतीत ती वाट चोकच्या बारीक केबलमधून निघाली होती.

सेल्फ आला आणि प्रवाह वाढला

सुरुवातीच्या गाड्यांना वीज फारशी लागत नसे. ठिणगी मॅग्नेटोतून मिळे, दिवे कार्बाइडचे किंवा तेलाचे असत आणि इंजिन सुरू करायला समोर हँडल मारावे लागे. हँडल उलटून मनगट मोडल्याच्या घटना नित्याच्या होत्या. हे बदलले १९१२ च्या कॅडिलॅक गाडीने. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी तिच्यासाठी विजेचा स्टार्टर तयार केला. केटरिंग यांनी आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर बनवली होती. गल्ला उघडण्यापुरते क्षणभरच काम असेल, तर लहान मोटरवर तिच्या क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकता येतो, हे त्यांना तेथेच उमगले होते. तीच युक्ती त्यांनी गाडीत वापरली.

या युक्तीमुळे गाडीत प्रचंड प्रवाह आला. लहान गाडीचा सेल्फही १०० ते १५० अँपिअर घेतो. आपल्या घरातली इस्त्री घेते ४-५ अँपिअर. गाडीतले व्होल्टेज कमी असल्याने हे अटळ आहे. शिशाच्या बॅटरीचे, म्हणजे प्लान्ते यांनी १८५९ मध्ये शोधलेल्या संचायक घटाचे, एक घर सुमारे २ व्होल्ट देते. सहा घरांचे १२. १,२०० वॅट शक्ती २३० व्होल्टला सुमारे ५ अँपिअरमध्ये मिळते, पण १२ व्होल्टला १०० अँपिअर लागतात. अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांनी १९५० च्या दशकात ६ व्होल्ट सोडून १२ व्होल्ट घेतले ते यासाठीच. प्रवाह निम्मा झाला आणि त्याच तारेतला उष्णतेचा व्यय चौथ्या हिश्शावर आला.

आता ओहमचा नियम लावून पाहू. गंजलेल्या सांध्याचा रोध फक्त ०.०३ ओहम धरा. दिव्यांच्या १० अँपिअरला तेथे ०.३ व्होल्ट पडतात, ते सहसा जाणवत नाहीत. सेल्फच्या १०० अँपिअरला मात्र ३ व्होल्ट पडतात. बॅटरीच्या १२ पैकी ३ व्होल्ट सांध्यातच गेले आणि तेथे ३०० वॅट उष्णता निर्माण झाली. म्हणून हॉर्न वाजतो, दिवा लागतो, पण सेल्फ फिरत नाही, आणि दोष येतो बॅटरीवर.

दिव्यांच्या स्वतःच्या अर्थचा सांधा बिघडला तर त्यांचेही असेच होते. तारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. १२ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले, तर प्रकाश सुमारे चौथ्या हिश्शाने कमी होतो. अंधारात बिनदिव्याची बैलगाडी किती अंतरावरून दिसेल, हे एका स्क्रूच्या गंजावर ठरू शकते.

वालचंदनगरचा धागा

या गोष्टीचा एक धागा त्याच रस्त्यावर आहे. जंक्शन नावाच्या फाट्यावरून वालचंदनगरला रस्ता जातो. इंदापूर तालुक्यातील ही उद्योगनगरी सोलापूरच्या वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी वसवली. नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि १९३० च्या दशकात साखर कारखाना, असा तिचा आरंभ. याच वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० डी १९६४ पासून येथे तयार होऊ लागली आणि १९७० च्या दशकात तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. हे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली.

इतकी वर्षे गाडीचा मूळ आराखडा फारसा बदलला नाही. त्यामुळे गावोगावच्या वायरमनांना एकाच गाडीची नाडी पिढ्यान्‌पिढ्या पाहता आली. चोकची केबल चाचपण्याची युक्ती त्याच अनुभवातून आलेली आहे.

सांधे कमी करण्याचा प्रयत्न

या फियाट गाड्यांना सुरुवातीला डायनामो असे. डायनामोत सगळी वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होते आणि कार्बन ब्रशांतून बाहेर येते. ब्रश झिजतात, कम्युटेटर काळा पडतो, आणि इंजिन मंद चालू असताना डायनामो पुरेशी वीज देत नाही. बॅटरीची वीज उलट डायनामोत जाऊ नये म्हणून कटआउट असतो. त्याचे पॉइंट चिकटले, तर बॅटरी रिकामी होते.

सिलिकॉनचे स्वस्त डायोड आले आणि हे चित्र पालटले. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला. त्यात वीज स्थिर वेटोळ्यात तयार होते, ब्रशांतून फक्त चुंबकासाठी लागणारा अल्प प्रवाह जातो, आणि कटआउटचे काम डायोडच करतात. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये अल्टरनेटरच होता. पुढे ठिणगीचे पॉइंटही गेले आणि त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाने घेतली.

घासणारे आणि उघडमीट करणारे संपर्क असे कमी होत गेले, पण स्थिर सांधे राहिले. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही आवळले, तरी ते प्रत्यक्षात काही सूक्ष्म बिंदूंवरच टेकतात, हे स्वीडिश शास्त्रज्ञ रॅग्नार होल्म यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सविस्तर अभ्यासले. गाडीच्या कंपाने हे बिंदू सरकतात, त्यांवर ऑक्साइड चढते, बॅटरीजवळ आम्लाचे तुषार क्षार तयार करतात. गाडीच्या विजेचे म्हातारपण बहुधा येथून सुरू होते. नव्या गाड्यांत इंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते आणि संवेदकांचे संदेश काही व्होल्टचे किंवा त्याहून लहान. तेथे सांध्यात पडलेले ०.२ व्होल्टही गोंधळ घालू शकतात.

वर्गासाठी एक प्रयोग

साधा मल्टिमीटर ०.०३ ओहम दाखवू शकत नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून अधिक असतो. पण तोच मल्टिमीटर व्होल्ट उत्तम मोजतो. एखादी जुनी गाडी शाळेच्या आवारात उभी करा. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा. वायरी पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर असू द्या. मग चालवणाऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत असेल, तर परतीची वाट ठीक आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर सांधा साफ करायला हवा. बॅटरीवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फसफसून जातो. आम्ल आणि कार्बोनेट यांची अभिक्रिया तेथेच दाखवता येते. मात्र आधी ऋण टोक सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून जवळ ठिणगी किंवा विस्तव नको.

आमच्या मित्राने दोन बॅटऱ्यांचे पैसे भरले, पण दोष शोधला नव्हता. भाग बदलून पाहणे आणि दोष शोधणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मोजल्याशिवाय बदलू नये, एवढे जरी विद्यार्थ्यांनी या प्रयोगातून उचलले, तरी ओहमचा नियम त्यांच्या उपयोगी पडला असे म्हणता येईल.