सैन्याचें इंधन वाहणारे नळ

मंगरूळपीरच्या टापूंत लमाणांचे तांडे पुष्कळ. सैन्यांस धान्य पुरविणें हा या जमातीचा जुना व्यवसाय; इ. स. १८०३ त अडगांवची लढाई जिंकणाऱ्या जनरल वेलस्लीची भिस्तहि लमाणांच्या बैलांवर होती. बैल वाटेनें चरून जगे; पाठीवरील धान्यांत त्याचा वाटा नसे. मोटारगाडी मात्र वाहून नेलेल्या पेट्रोलांतूनच आपला खुराक घेते. पल्ला लांबला कीं पुरवठा आटतो. दुसऱ्या महायुद्धांत घाईनें नळ घालण्याची निकड उत्पन्न झाली ती यामुळें.

जमिनीवर रीती दोन. वेल्डिंगनें सांधलेला नळ टिकतो, पण त्यास कसबी कारागीर व वेळ लागतो. दुसऱ्या रीतींत टोकांशीं खांच असलेले नळ समोरासमोर धरून, सांध्यावर रबरी कडें चढवून, वरून दुभागी पोलादी पट्टा बोल्टांनीं आवळितात. नवशिका शिपाईहि हें करूं शकतो. आसामांतील तिनसुकियाहून चीनमधील कुनमिंगपर्यंत चार इंची नळ १९४५ त पोंचला तो अशा सांध्यांवर. असा सांधा गळण्याचें भय असतेंच. परंतु युद्धापुरता टिकला तरी तो पुरेसा, असें आमचें मत आहे.

इंग्लंड-फ्रान्समधील खाडींत १९४४ त निराळाच अनुभव आला. तेथें तारायंत्राच्या केबलीसारखा लवचीक शिशाचा नळ जहाजावरून सोडीत. वेल्डिंगचा पोलादी नळ प्रचंड तरत्या रिळावर गुंडाळून उलगडीत. पोलादी नळ स्वस्त, पण किनाऱ्यालगत घासून लवकर निकामी होई. अखेर त्याच्या टोकांना केबलीचाच तुकडा जोडावा लागला.