फोरोसच्या बंगल्यातला रेडिओ

सुटीतला रविवार आणि रेडिओ यांचे नाते आमच्या पिढीला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्यात मुंबई-पुण्याची भावंडे बेळगावला यायची. रात्री गच्चीवर अंथरुणे पडायची आणि आमचे अण्णा, म्हणजे थोरले काका, आपला व्हॉल्व्हचा रेडिओ जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर आणून ठेवायचे. पोस्टात लायसन्सचे पैसे भरून बाळगलेली ती वस्तू. तिला हात लावण्याचा अधिकार एकट्या अण्णांचा. आतला दिवा लागून व्हॉल्व्ह तापेपर्यंत मिनिटभर सगळे गप्प. मग आधी धारवाडच्या कन्नड बातम्या, पाठोपाठ सांगलीच्या मराठी, जमल्यास पणजीच्या कोकणी. एवढे झाले की अण्णा बटन फिरवून ‘शॉर्ट वेव्ह’वर येत आणि काटा केसाएवढा सरकवीत लंडन, कोलंबो, मॉस्को शोधू लागत.

“अण्णा, एवढी खरखर कशाला हो?” पुण्याचा एक भाऊ विचारायचा.

“समुद्र ओलांडून येतंय ते. अंगाला वारं लागणारच की,” अण्णा म्हणायचे.

एकच बातमी तीन-चार ठिकाणी ऐकण्याचा त्यांचा हा खटाटोप आम्हाला तेव्हा निव्वळ छंद वाटे. त्याचा अर्थ मला उमगला तो बराच उशिरा, १९९१ च्या ऑगस्टमध्ये, काळ्या समुद्राच्या काठी घडलेल्या एका प्रसंगामुळे. तो प्रसंगही सुटीतल्या रविवारीच सुरू झाला होता.

*

त्या प्रसंगाकडे जाण्यापूर्वी लघुलहरींचा स्वभाव थोडा ध्यानात घ्यायला हवा. मध्यम लहरींचे केंद्र दिवसा आसपासच्या मुलखापुरते ऐकू येते. लघुलहरींचे तसे नाही. जमिनीपासून शंभर किलोमीटर आणि त्याहून अधिक उंचीवर हवेचे विद्युतभारित थर आहेत. लघुलहरी त्यांच्यावर आदळून पुन्हा जमिनीकडे वळतात आणि अशा उड्या घेत हजारो मैल जातात. दिवसा पंचवीस, एकोणीस, सोळा मीटरचे पट्टे चांगले चालतात; रात्री एकतीस, एकेचाळीस, एकोणपन्नास मीटरचे. वाटेत किती देश लागले, त्यांच्या सीमा कुठे आहेत, याची लहरीला खबर नसते. म्हणूनच या लहरी राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत नेहमी सलत आल्या.

आपल्याकडे याचा एक सौम्य, काहीसा विनोदी मासला घडला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांकडे आले. शास्त्रीय संगीताचे ते मोठे कैवारी. सिनेमाच्या गाण्यांना त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद झाले. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि देशात अडवलेले गाणे समुद्रापलीकडून लघुलहरींवर बसून घरोघर परत आले. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली.

लंडनहून तर एके काळी मराठीही ऐकू येत असे. दुसऱ्या महायुद्धात बी.बी.सी.ने मराठीतून प्रसारण सुरू केले होते आणि कोल्हापूरकडच्या वेणू चितळे तिथे काम करीत होत्या. जॉर्ज ऑर्वेलही त्याच पूर्व विभागात नोकरीला होता. एखाद्याच्या घरात बोलायचे तर त्याच्या भाषेत बोलावे लागते, हे युद्धात गुंतलेल्या साम्राज्यालाही कळले होते.

*

सोव्हिएत रशियात हा मामला विनोदी राहिला नाही. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने १९४७ मध्ये रशियन भाषेतून बोलायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी मॉस्कोने तिच्यावर आवाजाचा मारा सुरू केला. १९४९ मध्ये बी.बी.सी.ची पाळी आली. १९५३ मध्ये ‘रेडिओ लिबर्टी’ सुरू होताच तीही या माऱ्याखाली आली. पद्धत साधी होती. परके केंद्र ज्या लहरीवर बोलते, त्याच लहरीवर आपण घरघर सोडायची. ऐकणाऱ्याने कंटाळून बटन फिरवावे, एवढाच हेतू.

राजकारणाचे वारे फिरेल तसा हा मारा कमीजास्त होई. १९६३ मध्ये बी.बी.सी. आणि व्हॉइस ऑफ अमेरिकेवरचा मारा थांबला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रणगाडे प्रागमध्ये शिरले त्या वेळी तो पुन्हा सुरू झाला. १९७३ मध्ये परत थांबला. १९८० च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधल्या कामगारांनी संप पुकारले तेव्हा परत सुरू झाला. रेडिओ लिबर्टीला मात्र मधली उसंत कधीच मिळाली नाही.

तरीही लोक ऐकत. इथेच सुटीच्या शनिवार-रविवारचा संबंध येतो. घरघर करणारी यंत्रे दोन जातींची होती. एक जात शहरात बसवलेली. तिचा आवाज जमिनीलगत पसरे आणि शहराबाहेर काही मैलांवर क्षीण होई. दुसरी जात दूरवरून आकाशमार्गे मारा करणारी; पण आकाशाच्या थरांचे लहरीपण तिलाही सोसावे लागे. संध्याकाळी पूर्वेकडे अंधार आधी पडतो. तिकडच्या यंत्रांचा आवाज पोचेनासा होई, त्या वेळी पश्चिमेकडच्या आकाशात अजून ऊन असे आणि लंडन-म्युनिकचा आवाज घटकाभर मोकळा येई. जाणकार श्रोते ही वेळ साधत.

रशियन शहरी माणसाला शक्य असेल तर गावाबाहेर ‘दाचा’ असते. लाकडी खोल्या, चार वाफे बटाट्याचे, काकड्या, फुलझाडे. उन्हाळ्यात शनिवार आला की माणसे आगगाडीने तिकडे जात. सोबत भाकरीचा लोफ, खुरपे आणि ट्रान्झिस्टर. रीगाच्या कारखान्यात १९६० च्या सुमारास ‘स्पिदोला’ नावाचा ट्रान्झिस्टर निघू लागला होता आणि त्यावर लघुलहरीही लागत. मात्र देशात विकायच्या सेटवर पंचवीस मीटरच्या खालचे पट्टे सहसा नसत. तिथे परकी केंद्रे अधिक स्वच्छ ऐकू येत हे त्याचे उघड कारण. यावरही तोड निघाली. हातात कला असलेले लोक तारेची वेटोळी बदलून एकोणीस आणि सोळा मीटर बसवून देत.

दाचातल्या त्या रात्री काय ऐकू येई? केवळ राजकारण नव्हे. देशात ज्या पुस्तकांना छापखाना मिळत नसे, ती या केंद्रांवरून वाचून दाखवली जात. लेनिनग्राडचा एक जुना सॅक्सोफोनवादक सेवा नोव्हगोरोद्सेव्ह १९७७ पासून बी.बी.सी.वरून रॉक संगीत ऐकवी, आणि मध्ये मध्ये असे चिमटे काढी की तरुण पोरे गाण्याइतकीच त्या बोलण्याची वाट पाहत. व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हर १९५५ पासून रोज रात्री जॅझ लावी. त्याचे बोलणे इंग्रजीत, सावकाश, शब्द न् शब्द सुटा. गंमत अशी की घरघरीचा मारा होई तो मुख्यतः रशियन आणि देशातल्या इतर भाषांवर. इंग्रजी कार्यक्रमांना सहसा कोणी हात लावीत नसे. ते कितीसे लोक समजणार, असा हिशेब. त्यामुळे ज्याला दुसरी भाषा येई, त्याच्या घराची एक खिडकी कायम उघडी राही. कित्येकांनी तर इंग्रजी शिकली ती कोनोव्हरच्या बोलण्यावरूनच.

*

१९८५ मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह सत्तेवर आले. १९८७ च्या जानेवारीत बी.बी.सी.वरचा मारा थांबला, मे महिन्यात व्हॉइस ऑफ अमेरिकेवरचा, आणि १९८८ च्या नोव्हेंबरअखेर रेडिओ लिबर्टीवरचाही. लंडनचा आवाज मॉस्कोच्या स्वयंपाकघरात सरळ येऊ लागला. पुढे याचा पहिला मोठा लाभ आपल्यालाच होणार आहे, हे गोर्बाचेव्ह यांच्या स्वप्नातही नसेल.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये ते कुटुंबासह क्रिमियातल्या फोरोसला सुटीवर होते. २० तारखेला मॉस्कोत नव्या संघराज्याच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. रविवार, १८ ऑगस्ट. दुपारी पाचच्या सुमारास न बोलावलेले पाहुणे दाराशी आल्याची वर्दी मिळाली. कोणी पाठवले हे विचारायला त्यांनी फोन उचलला, तर फोन मुका. दुसरा उचलला, तोही मुका. सगळ्या तारा तोडलेल्या. आणीबाणीला संमती द्या, नाहीतर पद सोडा, ही पाहुण्यांची मागणी त्यांनी धुडकावली आणि पाहुणे परत गेले. बंगल्याला पहारा बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉस्कोने जाहीर केले की प्रकृतीच्या कारणास्तव अध्यक्ष काम पाहू शकत नाहीत आणि कारभार उपाध्यक्ष यानायेव्ह यांनी हाती घेतला आहे. दूरदर्शनवर ‘स्वान लेक’ हे बॅले नृत्य लावून दिले होते. आपल्याकडे तेव्हा सकाळचे चहापाणी उरकत होते. त्या दिवशी अण्णांनी कचेरीला दांडी मारली आणि दिवसभर कान रेडिओला लावून ठेवला.

तिकडे फोरोसमध्येही नेमके हेच चालले होते. जावयाजवळ एक चिमुकला सोनी ट्रान्झिस्टर होता. नोकरांच्या खोल्यांतून काही जुने सेट सापडले; अंगरक्षकांनी त्यांना एरियल जोडून दिल्या. अणुबॉम्बच्या किल्ल्या ज्याच्या हाती, त्या माणसाला आपण आजारी असल्याची खबर रेडिओवरून ऐकावी लागली. आणि ती खोटी आहे असे जगातल्या कोणाकोणाला वाटते, हेही रेडिओवरूनच कळले. येल्त्सिन रणगाड्यावर चढून बोलले, लोक संसद भवनाभोवती जमले, हे सारे त्या बंगल्यात पोचले ते लंडनमार्गे. सुटकेनंतर २२ ऑगस्टच्या पत्रकार परिषदेत गोर्बाचेव्ह यांनी सांगितले की बी.बी.सी. सर्वांत चांगले लागत होते. त्याखालोखाल त्यांनी रेडिओ लिबर्टी आणि व्हॉइस ऑफ अमेरिकेचे नाव घेतले. चार वर्षांपूर्वी घरघर थांबवली नसती, तर हे तिन्ही आवाज इतके मोकळे आले असते का?

बातमी धीर देते तशी घावही घालते. २१ तारखेला दुपारी बी.बी.सी.ने सांगितले की अध्यक्षांची प्रकृती पाहायला मॉस्कोहून काही लोक फोरोसला निघाले आहेत. रायसाबाईंनी त्याचा अर्थ असा लावला, की आजाराची खोटी बातमी खरी करायला ही माणसे येत आहेत. त्या जागच्या जागी कोसळल्या; वाचा अडखळली, हात बधिर झाला. प्रत्यक्षात कट तोवर ढासळला होता. आदल्या रात्री मॉस्कोच्या रस्त्यावर तीन तरुणांचा बळी गेला होता. २२ तारखेच्या पहाटे गोर्बाचेव्ह मॉस्कोत उतरले. पुढच्याच आठवड्यात येल्त्सिन यांनी हुकूम काढून रेडिओ लिबर्टीला मॉस्कोत कचेरी उघडायला परवानगी दिली. छत्तीसएक वर्षे जिचा गळा दाबला, तिच्यासाठी दार उघडले.

असा प्रसंग केवळ रशियातच आला असे नव्हे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी राजीव गांधी बंगालच्या दौऱ्यावर होते. आईवर गोळ्या झाडल्याचे कळल्यावर परतीच्या वाटेत त्यांनीही ट्रान्झिस्टरवर बी.बी.सी.च लावले होते. आकाशवाणीवरून निधनाची अधिकृत घोषणा झाली ती संध्याकाळी.

*

लघुलहरींचा तो जमाना आता सरला. बी.बी.सी.चे रशियन प्रसारण २०११ मध्ये रेडिओवरून गेले. हिंदीची लघुलहरींवरची सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी संपली. पण २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनवर रशियाने चढाई केल्यावर बी.बी.सी.ने कीव्ह आणि रशियाचा काही भाग नजरेसमोर ठेवून रोज चार तास इंग्रजी बातम्या लघुलहरींवर पुन्हा लावल्या. १९९१ मध्ये कटवाल्यांना न जुमानणारे मॉस्कोचे ‘एको मॉस्क्वी’ हे केंद्र त्याच महिन्यात बंद झाले. गोर्बाचेव्ह त्याच वर्षी ३० ऑगस्टला वारले.

अण्णाही आता नाहीत. त्यांच्या रेडिओचा व्हॉल्व्ह मिळत नाही, म्हणून तो कपाटावर नुसता बसून आहे. सीमाभागात वातावरण तापे, त्या दिवसांत ते हटकून सांगली आणि धारवाड दोन्ही ऐकायचे. घरातले कोणी वैतागून म्हणाले, “कन्नड बातम्या कशाला ऐकता त्या?” तर ते म्हणायचे, “एका तोंडानं आलेली खबर अर्धीच असते. उरलेली अर्धी दुसऱ्या तोंडात असते की.”

आपली मराठी कोणी दाबू नये, तिच्यावर कोणाची घरघर नको, हे आपले मागणे रास्त आहे आणि ते सोडायचे कारण नाही. पण तीच घरघर आपण आपल्या कानांत दुसऱ्या भाषेवर सोडीत नाही ना, हेही पाहायला हवे. घरात दोन-तीन भाषा येणे याला आपण अडचण समजतो. दाचात बसून अंधारात काटा फिरवणाऱ्या त्या माणसाला विचारा; तो म्हणेल, नशीबवान आहात. आपल्या पोरांना मराठी तर यावीच, शेजारची कन्नडही नीट यावी. राज्यकर्त्यांना सगळ्या खिडक्या एकाच वेळी बंद करता येत नाहीत. निदान आपण तरी आपल्या हाताने एखादी लावून घेऊ नये.