एका मतानं काय होतं?

गेल्या निवडणुकीत आमच्या गटातल्या एक ताई मतदान केंद्रावरून तशाच परत आल्या. यादीत नावच नव्हतं. वर म्हणाल्या, "जाऊ दे, माझ्या एका मतानं काय होतंय?" तेव्हापासून मनात होतं की आपल्या रेडिओवर एकदा ही अमेरिकेची गोष्ट सांगायची.

सुरुवात आपल्याच माणसांपासून करते. मार्च १८८६. फिलाडेल्फिया शहरात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या. पुढे दोन वर्षांहून जास्त काळ त्या अमेरिकेत राहिल्या आणि १८८९ मध्ये त्या देशावर त्यांचं मराठी पुस्तक निघालं. तिथला राज्यकारभार कसा चालतो, बायकांची स्थिती कशी आहे, हे सगळं त्यात आहे. पण बघा, आनंदीबाईंबरोबर शिकून तिथंच डॉक्टर झालेल्या अमेरिकन बायकांनाही देशाचा अध्यक्ष निवडताना मत देता येत नव्हतं!

असं का? त्यासाठी तिथला कारभार समजून घेऊ. याच फिलाडेल्फियात १७८७ मध्ये अमेरिकेचं संविधान लिहिलं गेलं. सत्तेचे तीन भाग केले. कायदे करते काँग्रेस. हा पक्ष नव्हे बरं का, तिथल्या संसदेचं नाव आहे. तिची दोन सभागृहं. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य, मग राज्य लहान असो की मोठं, प्रतिनिधीगृहात लोकसंख्येप्रमाणे. कायदा अमलात आणतो अध्यक्ष. आणि कायद्याचा अर्थ लावतं न्यायालय. आपल्या गटाचे पैसे बँकेतून काढायला एकीची सही चालत नाही ना? तसंच, सगळं एकाच्या हाती जाऊ नये म्हणून ही वाटणी.

पण मत कुणी द्यायचं, हे त्या संविधानानं राज्यांवर सोडलं. बहुतेक राज्यांत ते मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांनाच मिळालं. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या काही बायका मत देत होत्या, पण १८०७ मध्ये तोही हक्क काढून घेतला.

१८४८ मध्ये सेनेका फॉल्स या गावी बायकांची सभा भरली आणि मताधिकाराची मागणी ठरावात आली. मग एकेका दारावर जाणं सुरू झालं. १८७२ मध्ये सुसान अँथनी यांनी सरळ जाऊन मत दिलं. त्यांना अटक झाली, १०० डॉलर दंड झाला. तो त्यांनी कधीच भरला नाही. १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात सांगितलं की बाई देशाची नागरिक आहे, पण नागरिक म्हणजे मतदार असं नाही. न्यायालयाचं दार बंद झालं. आता एक तर राज्याराज्यांत कायदे बदलून घ्यायचे, नाही तर संविधानच बदलायचं.

ते सोपं नव्हतं. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत, आणि नंतर तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता. १८७८ मध्ये मांडलेली दुरुस्ती काँग्रेसमध्ये मंजूर व्हायला १९१९ साल उजाडलं! तेव्हा राज्यं ४८, म्हणजे ३६ राज्यांचा होकार हवा होता. १९२०च्या उन्हाळ्यापर्यंत ३५ मिळाले.

मग पाळी आली टेनेसीची. बाजूचे लोक पिवळा गुलाब लावत, विरोधातले लाल. ठराव बाजूला सारायचा की नाही, यावर मतं पडली ४८ विरुद्ध ४८. हॅरी बर्न हा २४ वर्षांचा आमदार लाल गुलाब लावून बसला होता. पण त्याच्या खिशात आईची चिठ्ठी होती. बायकांच्या बाजूनं मत दे, असं तिनं लिहिलं होतं. १८ ऑगस्टला त्यानं होकार दिला आणि पारडं फिरलं. स्वतःला पूर्ण मताधिकार नसलेल्या आईनं सगळ्या देशातल्या बायकांचं काम केलं!

तरी गोष्ट इथं संपली नाही. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या बायकांना, आणि पुरुषांनाही, मतदानाचा कर, वाचता येतं का याची परीक्षा अशा अटी घालून अडवलं जायचं. १९६५च्या कायद्यानं त्या अडचणी बऱ्याच दूर झाल्या. हक्क कागदावर येणं आणि हातात येणं यांत एवढं अंतर असतं.

आपल्याला १९५० च्या संविधानानं पुरुषांबरोबरच मत दिलं. पण पहिल्या निवडणुकीच्या वेळी जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीत राहिली नाहीत. कारण त्यांनी नाव सांगितलं ते 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असंच.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना मतदार ओळखपत्र घेऊन या. आपण यादी तपासू. ज्यांचं नाव नाही, त्यांनी बीएलओंकडे अर्ज द्यायचा, आणि त्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं. आमच्या त्या ताईंनी अर्ज भरलाय.